बटण नसलेली तपासणी

माझे वडील थळचे, तीस वर्षं बोटीच्या इंजिनाजवळ बसलेले. इंजिन चालू असताना बोटीवर कुणी बोलत नाही, सगळं हातांनीच चालतं. कानाशी पंजा उभा धरला की समजायचं, ऐकू येत नाही. समुद्र सुटला तरी तो पंजा ते घरी घेऊन आले. अकरा वर्षं मी त्यांच्याशी बोंबलून बोलले. माझा घसा बसला आणि शेजारणींची फुकट करमणूक झाली.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मीच त्यांच्या मागे लागले. पहिल्या तपासणीत आवाज आला की बटण दाबायचं होतं. त्यांनी एकदाही दाबलं नाही. मग दुसरी ठरली. कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवल्या, डोळे मिटून पडायला सांगितलं.

"बटन कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

बटण नव्हतंच. कानात टिकटिक सोडायची आणि मेंदूत उठणारी वीज पडद्यावर बघायची.

तपासणाऱ्या बाईंनी मला पडदा दाखवला. "आवाज मोठा असला की ही लाट मोठी येते, लवकर येते. आवाज कमी करत गेलं की लहान होते, उशिरा येते. जिथे दिसेनाशी होते, तिथे ऐकणं संपलं. यांची लाट कुजबुजीएवढ्या आवाजालाही येतेय."

मला आनंद व्हायला हवा होता. मला आठवली ओटीवरची एक दुपार. लग्नाला सहा महिने झाले होते, मी माहेरी आले होते. आईला सांगितलं तर ती हाय खाईल, म्हणून जाळं शिवणाऱ्या या बहिऱ्या माणसाशेजारी बसून मी हळू आवाजात सगळं बोलून टाकलं. नवरा पट्ट्याने मारतो, मला परत जायचं नाही. त्यांचे हात थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सासरी, म्हसळ्याला जाणाऱ्या एसटीत बसवलं. त्या घरातून सुटायला मला आणखी चार वर्षं लागली, आणि त्यांना मी कधी दोष दिला नाही. बिचाऱ्यांना ऐकूच आलं नव्हतं ना!

बाहेर येऊन रिक्षात बसलो. रिक्षावाला चहा प्यायला गेला होता, इंजिन बंद होतं. मी समोर बघत, पुटपुटल्यासारखं विचारलं, "बाबा, तवा मना परत का धाडलास?"

त्यांचा पंजा कानापर्यंत जायला निघाला आणि अर्ध्यातून खाली आला.

"मना वाटला, व्हयल सवय."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्याशी ओरडून बोलावं लागलं नाही.