शेवाळी मोटार

शाळेतून परतताना मी एका रंगाऱ्याच्या शेडपाशी थांबायचो. मोटारी रंगवणारा तो माणूस मोठ्यानं बोलायचा आणि बोलताना पत्र्यावरून हात फिरवायचा, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

संस्थान विलीन झालं त्या वर्षी जयसिंगपूरचे एक व्यापारी जहागीरदाराची शेवाळी मोटार विकत घेऊन आले. म्हणाले, "काळी करा. हे जादा दिवेही काढा."

"पावणं, काळ्या गाड्या गावभर हायती. असला रंग, असले दिवे मुद्दाम मागवलेली ही एकच हाय. पुढं लोक हीच शोधत येतील की!"

व्यापारी ऐकेनात. मग रंगाऱ्यानं मेण घेऊन एक दार दुपारभर घासलं. त्यात व्यापाऱ्यांना आपला चेहरा दिसला. ते गाडी तशीच घेऊन गेले.

त्या आठवड्यात शेडमध्ये दुसरं काहीच काम नव्हतं, हे मला ठाऊक होतं; तरी त्यानं रंगाचं काम हातचं जाऊ दिलं.