कोरडी फरशी

माझे शेजारी हिंदुराव मिलमध्ये फिटर होते. त्यांची विलायती मोटारसायकल इंग्रजांच्या काळातली, आणि उभी राहील तिथं तेल गाळायची. शहाबादी फरशीवरचे डाग राखेनं घासताना त्यांची बायको मुक्ताबाई करवादायची, "आदी हिला लंगोट बांदा, मग अंगणात आणा!"

त्र्याहत्तर साली मुक्ताबाई गेली. हिंदुरावांनी अंगणातच इंजिन खोललं आणि दोन वर्षं त्यात डोकं घालून बसले. पार्ट मिळेनात, तर कानशीनं घासून स्वतः बनवले. चहाला बोलावलं तरी यायचे नाहीत. शेवटी मी चिडून बोलावणंच सोडलं.

दसऱ्याला त्यांनी गाडीला झेंडूची माळ घातली आणि किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राग विसरून बघायला गेलो. गाडीखालची फरशी कोरडी ठणठणीत होती.

"जिंकलात की हिंदुराव! एक थेंब न्हाय!"

"व्हय," कोरड्या फरशीवरून हात फिरवत ते म्हणाले. मग पाना घेऊन त्यांनी इंजिनाखालचा नट जरासा ढिला केला, चुलीतली मूठभर राख आणली आणि थेंबाची वाट बघत उकिडवे बसले.