हिरोचं पडणं

हिरो पडायचा फार सुंदर. बाभुळगाव आणि आसपासच्या गावांत नाटकातलं मरण पाहावं तर त्याचंच. गोळी लागो, विष घेवो, हा गडी पाठीवर सपाट कोसळायचा आणि स्टेजच्या फळ्यांचा आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत जायचा. बायका तोंडाला पदर लावायच्या. एकदा त्याच्या मरणाला वन्समोअर आला, तर तो उठला, कपडे झटकले आणि पुन्हा मेला. त्याचं खरं नाव पोस्टमनशिवाय कोणाला ठाऊक नसावं. टक्कल पडलं, पन्नाशी आली, तरी हिरो तो हिरोच.

मी त्या नाटकांचा प्रॉम्प्टर. एरवी शाळेत मास्तर, गणपतीच्या दिवसांत विंगेत. त्याला माझी गरज कधी पडली नाही. उलट बाकीच्यांची वाक्यं तोच त्यांना पुरवायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, मग मला इथे कशाला उभं करता? तर म्हणाला, "राहू दे ना लेका. तू विंगेत दिसला का मले बरं वाटते." एकट्या जिवाचा माणूस. लग्न केलं नाही, भावाच्या घरामागच्या खोलीत राहायचा आणि पोटासाठी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता.

कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव नाही, खरेदी आज चालू तर उद्या बंद, आणि जिनिंगच्या फाटकापासून बैलबंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. बैल सोडून माणसं बंडीखालीच जेवायची. ती कावली, शिव्यांवर आली, की हिरो कापसाच्या गंजीवर चढून एखादा प्रवेश करायचा. "भाव माह्या हाती नाही बाप्पा, पन नाटक फुकट हाय!" मालकही कानाडोळा करायचा. भांडणापेक्षा नाटक परवडलं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मीही तिथे गेलो होतो. गंजीवर बोलता बोलता हिरोचा पाय सरकला आणि तो खालच्या सिमेंटच्या ओट्यावर पाठीवर आला. रांगेतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. त्याचं पडणं मी सगळ्यांपेक्षा जास्त वेळा पाहिलेलं, मला तरी कळायला हवं होतं. तो उठेना तेव्हा आम्ही धावलो. चौघांनी हातापायांना धरून, हिसके देत, रिकाम्या मेटॅडोरमध्ये टाकला. पाय माझ्या हातात होते. उचलायच्या आधी त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलत होता, तो मी पाहिला होता. यवतमाळच्या रस्त्याला लागल्यावर हिरो म्हणाला, "मास्तर, माहे पाय सोडले का तुनं?"

मी सोडले नव्हते.

कमरेखालचं सगळं गेलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात चार महिने काढून तो चाकाच्या खुर्चीत परत आला, तो एक प्रश्न घेऊनच. तिथल्या डॉक्टरीणबाईंना त्याने विचारलं होतं, की माणूस अधू होतो तो पडल्यानं का उचलल्यानं? बाई खरं बोलल्या. म्हणाल्या, पाठीचा मणका मोडलेल्याला वेडंवाकडं उचललं तर जास्त नुकसान होतं हे माहीत आहे. पण खेड्यापाड्यांत असं किती जणांचं झालं, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. "नोंद नाही म्हंजे आपन नाहीच," हिरो मला म्हणाला. "मास्तर, तू लिहत जा. मी बोलतो."

बाईंनी एक छापील फॉर्म करून दिला. त्यातला एक रकाना हिरोने भांडून घालून घेतला होता: पडल्यावर कोणी उचललं, कसं उचललं. पुढची दहा वर्षं दर रविवारी आम्ही रिक्षात खुर्ची बांधून निघायचो. झाडावरून पडलेले, विहिरीत पडलेले, भरल्या ट्रकवर कापूस तुडवताना खाली आलेले. घराघरांतल्या मागच्या खोल्यांत अशी माणसं असतात, हे मला इतकी वर्षं तिथे शिकवून माहीत नव्हतं. हिरो आलेला पाहून लोक खूश व्हायचे, सरकारी निराधार पगार चालू करायला आला असं समजायचे. "मी देयाले नाही आलो, मांगाले आलो," तो उंबऱ्यातच सांगून टाकायचा. बाजाराच्या दिवशी चौकात ओरडायचा, "पडला त्याले ओढू नका! पहिले फळी आना!" आवाज तोच, स्टेजवरचा. एकाही फॉर्ममधली जागा तो रिकामी सोडू देत नसे. त्यावरून मला चारचौघांत झापायचा.

लोहारा गावात कवडू नावाचा पोरगा असाच ट्रकवरून पडलेला. त्याची आई सगळं सांगायची, त्या रकान्यापाशी आली की पाणी आणायला उठायची. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "ह्याच्या बापानंच खांद्यावर टाकून आनला, भाऊ. आता थो मानूस नाही राह्यला. त्याच्या नावानं कायले लिहता?"

हिरोने खुर्ची तिच्याजवळ घेतली. मग नेहमीचा आवाज न लावता म्हणाला, "मावशी, त्यानं मायेनंच उचलला. त्याले कोनी शिकवलं होतं काय? दोष नाही लिहत आमी. पन लिहलं नाही तं उद्या कोनी पडन त्याले बी असंच उचलतीन."

तिने सांगितलं. मी लिहिलं. माझं अक्षर शाळेत फळ्यावर मिरवणारं, त्या ओळीत पार बिघडलं. परतताना मला वाटलं, आत्ता बोलून टाकावं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानेही माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "चहा घेऊ काय कुठं?" आम्ही चहा घेतला. अशा पाचशे तरी संध्याकाळी माझ्या हातात होत्या. मी भित्रा माणूस, दुसरं काही नाही.

गेल्या हिवाळ्यात किडन्यांनी त्याला नेलं. शोकसभेला बाजारचौक भरला होता. लोक त्याच्या नाटकांबद्दल बोलले, त्याचे संवाद म्हणून दाखवले, रडले. मला बोलायला बोलावलं तर मी घसा बसल्याचं निमित्त केलं. आता रविवार फार मोठा असतो. सकाळी सवयीने तयार होतो, बाहेरून रिक्षा गेली की उठतो. घरात बोलायला कोणी नाही, आणि ज्याच्याशी बोलायचं होतं तो गेला.

परवा नागपूरहून डॉक्टरीणबाईंच्या संशोधनातल्या एका मुलीचा फोन आला. गोड आवाज, नवीन असावी. ती सगळे फॉर्म कॉम्प्युटरवर घेत होती.

"सर, त्यांचा स्वतःचा फॉर्म अपूर्ण आहे. त्यांनी तो स्वतःच भरलाय. एकच रकाना सोडलाय, कोणी उचललं, कसं उचललं. तुम्हाला काही कल्पना आहे का? नसेल तर 'माहीत नाही' लिहिते."

"थांबा," मी म्हणालो. मग सांगितलं. चौघे होतो, हातापायांना धरून उचलला, फळी नव्हती, पाय मी धरले होते, आधी अंगठा हलत होता. माझं पूर्ण नाव सांगितलं. ती टाइप करत होती, ते ऐकू येत होतं.

मग तिने विचारलं, "सर, पाय तुम्ही धरले होते, हे त्यांना माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो. "तो माझ्याकडेच पाहत होता."