गाडीचा लाल ठरेपर्यंत

नवीन लग्न झालेल्या मुलीकडे सांगण्यासारखं बरंच असतं, असा लोकांचा समज असतो. मैत्रिणी फोनवर आवाज खाली आणून विचारतात, "मग? काय म्हणतोय नवरा?" नवरा स्पॉयलरबद्दल म्हणतोय, हे कसं सांगणार! म्हणून मी गप्प बसते, आणि गप्प बसलं की किस्से साठत जातात. तशी आमच्या घरात धूळही साठते. फक्त एकाच वस्तूवर ती साठू दिली जात नाही, आणि ती वस्तू खाली पार्किंगमध्ये असते.

ती म्हणजे माझ्या नवऱ्याची, निशांतची, गाडी. आमच्या लग्नानंतर महिन्याभरात आली. जुनी स्पोर्ट्स कार. माझ्यापेक्षा वयाने मोठी, दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची, रंग उडालेली. मागे सामान मावत नाही, पुढे पाय मावत नाहीत. रोडपालीतल्या आमच्या सोसायटीत मलाही बघायला लोक आले होते. ते चहा पिऊन गेले. तिला बघायला आलेले अजून येतायत!

* * *

ती आली त्या दिवशी सासूबाईंनी औक्षणाचं ताट केलं. माझ्या गृहप्रवेशाचंच ताट, तेच निरांजन. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. निशांतने गाडी पुढे घेतली, लिंबं फुटली, टाळ्या झाल्या.

वर आल्यावर मी सगळ्यांना पोहे दिले. निशांतने एक घास खाऊन मान वर केली.

"लिंबू नाही?"

"गाडीखाली आहे," मी म्हटलं.

* * *

गाडीला बाहेरून काय काय बदलायचं, हे ठरवायला दर रविवारी आमच्याकडे एक कमिटी बसते. कमिटीत तिघं. एक निशांत. दुसरा त्याचा मित्र जयवंत, उरणचा कोळी, बंदरात नोकरीला, घरची होडी आहे. तिसरे सलीमभाई, कळंबोलीत ट्रक टर्मिनलजवळ त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. मी चहा करते, म्हणजे मी कमिटीत नाही.

पहिला विषय होता स्पॉयलर, म्हणजे डिकीवर बसवायची पंखासारखी पट्टी.

"शेपूट नको लावू रे तिला," जयवंत म्हणाला. "नाय शोभत."

"असली चीज़ है साहब," सलीमभाई म्हणाले. "जितना कम हाथ लगाओ, उतनी खूबसूरत."

निशांत एकदम हळवा झाला. "बरोबर आहे. तिचं मूळ रूप आहे तसंच ठेवायचं. वरून काही चिकटवायचं नाही. जशी आहे तशीच ती छान आहे!"

मी कप ठेवत होते. त्याच दिवशी सकाळी त्याने मला विचारलं होतं, "तू केस स्ट्रेट का नाही करून घेत?"

* * *

मग आरशांचं निघालं. बाजूचे चौकोनी आरसे नंतर कुणीतरी बसवलेले होते. मूळचे गोल, क्रोमचे. निशांतने ते कुठून कुठून शोधून मागवले. योगायोग असा की, ज्या दिवशी गाडीला गोल आरसे लागले, त्याच दिवशी मी पनवेलहून चष्म्याची नवीन फ्रेम आणली. गोल. आधीची चौकोनी होती.

संध्याकाळी आम्ही दोघी त्याच्यासमोर उभ्या. त्याने तिच्याकडे पाहिलं. "चेहराच बदलला! डावा एक केसभर खाली वाटतोय, नाही?"

मी चष्मा नाकावर नीट बसवला. तो माझ्याकडे बघत राहिला. कपाळाला आठ्या घातल्या.

"तुझ्यातही काहीतरी वेगळं वाटतंय..."

मी वाट बघितली.

"केस धुतलेस का?"

* * *

लग्नात गुरुजींनी तांदळाचं ताट पुढे केलं होतं. मुलीचं सासरचं नाव नवऱ्याने अंगठीने तांदळात लिहायचं. निशांत म्हणाला, "आहे तेच राहू दे." माझ्या मावश्या विरघळल्या. किती मोठ्या मनाचा मुलगा! मीही विरघळले.

त्यानंतर गाडीच्या मागच्या पट्टीवर काय नाव लिहायचं, हा विषय निघाला. तो दोन महिने चालला! तेव्हा मला कळलं की नाव ठरवायला निशांतला खरं तर किती वेळ लागतो.

जयवंत वैतागला. "आमचे होडीवर आयचं नाव हाय. बापूस म्हणतो, दर्यात होडी रागावली तरी आपल्याला सवय हाय ऐकून घ्यायची." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वयनींचं नाव टाक की! प्रश्न मिटला."

मी ट्रे घेऊन दारात थांबले. निशांतने गंभीरपणे पट्टीची लांबी बोटांनी मोजली.

"आवडलं असतं रे. पण पट्टी छोटी आहे. बसायचं नाही."

माझं नाव उमा आहे.

* * *

कागदपत्रांचाही एक छोटा किस्सा आहे. रंग बदलायचा तर आरटीओत जाऊन आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नोंद करावी लागते. निशांतने ऑफिसला सुट्टी टाकली, फाईल केली, फोटो काढले, रांगेत उभा राहिला आणि घरी येऊन पेढे वाटले.

माझ्या आधार कार्डावर अजून माहेरचा, रोह्याचा पत्ता आहे. "करू गं," तो म्हणतो, "कुठे पळून चाललाय पत्ता?"

* * *

आता मुख्य विषय, रंग. लाल हे ठरलं होतं. कुठला लाल, हे ठरत नव्हतं. फ्रिजवर शेडकार्ड, आरशावर शेडकार्ड. जेवताना तो टोमॅटोची फोड उजेडात धरून बघायचा. एकदा सासूबाईंच्या कुंकवाच्या करंड्यात बोट घालून गॅलरीत गेला. त्या मला म्हणाल्या, "हा लहानपणी असा नव्हता गं!" जणू मी आल्यावर झाला.

पनवेलच्या बाजारात आम्ही साडी घ्यायला गेलो. लग्नानंतर माझ्यासाठी पहिलीच साडी. मी एक लाल साडी खांद्यावर टाकून आरशापुढे उभी राहिले. मोबाइल बघत बसलेला निशांत ताडकन उठला.

"हाच! हाच तो लाल!"

असा आवाज त्याने लग्नातही काढला नव्हता. माझे कान गरम झाले. दुकानदार म्हणाला, "साहेबांची नजर आहे हं!"

"पदर जरा उन्हात धरतेस?" निशांत म्हणाला.

मी फुटपाथवर पदर उन्हात धरून उभी राहिले. त्याने फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाकला. तिघांचेही अंगठे आले. तिघं म्हणजे निशांतचा स्वतःचाही. त्या फोटोत मी मनगटापासून बोटांपर्यंत आहे.

* * *

त्या रात्री मी त्याला विचारलंच. "तू मला बघायला रोह्याला आलास, तेव्हा मी काय नेसले होते, आठवतंय?"

मला सगळं आठवतं. आईची डाळिंबी साडी होती. ब्लाउजसाठी अगदी त्याच रंगाचं कापड हुडकून आणलं होतं. पोह्यांत घाबरून मीठ दोनदा पडलं होतं, हे मला नंतर उरलेले पोहे खाताना कळलं. त्याने मात्र काही न बोलता वरून लिंबू मागून घेतलं आणि बशी संपवली.

निशांतने डोळे मिटून आठवलं. चेहरा उजळला.

"तुमच्या समोरच्या अंगणात एक जुनी गाडी उभी होती. विटकरी! बॉनेट उघडं होतं तिचं!"

मी दिवा घालवला.

* * *

आणि हा शेवटचा, परवाच्या दसऱ्याचा.

सलीमभाईंना रंग जुळवायला नमुना हवा होता. फोटोत रंग खोटा येतो म्हणे. निशांत ऑफिसला निघता निघता बूट घालत ओरडला, "उमा, त्या लाल साडीच्या ब्लाउजपीसचा तुकडा दे ना!"

नवीकोरी साडी. ब्लाउज अजून शिवायचा होता. त्याचं कापड गाडीसाठी कापायचं! मी कपाट उघडलं. लाल साडीच्या खाली आईची डाळिंबी साडी होती आणि तिच्या घडीत त्या ब्लाउजचं उरलेलं कापड. मी ते काढलं, कागदात गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं. तो उघडून बघेल असं वाटलं होतं. त्याने नाही बघितलं. खिशात घालून गेला.

पुढे गॅरेजमध्ये रंगाखालचा प्रायमर ओला असताना त्याने गॅरेजचं दार उघडून धूळ आत घेतली, तेव्हा सलीमभाईंनी त्याला बंदीच घातली. "अब दशहरे को ही देखना, साहब."

दसऱ्याला सकाळी गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. सलीमभाई शेजारी पहारा देत. जयवंत झेंडूचा हार घेऊन आला. सासूबाईंचं ताट तयार होतं आणि त्यात चार लिंबं. सोसायटीतले निम्मे लोक खाली उतरले होते.

सलीमभाईंनी कव्हर ओढलं. लोक "वा!" म्हणाले. मग जयवंत पुढे आला, मोबाइलमधला पदराचा फोटो गाडीजवळ धरला आणि म्हणाला, "आरं निशांत, ह्यो आपला लाल नाय! ह्यो त डाळिंबी हाय!"

सलीमभाई घाबरले. "कपड़ा यही दिया था साहब, अल्ला कसम." त्यांनी खिशातून तुकडा काढून निशांतच्या हातात ठेवला.

निशांतने तुकडा उलटसुलट केला. गाडीकडे पाहिलं. पुन्हा तुकड्याकडे पाहिलं. मी सासूबाईंच्या मागे सरकले.

"टेन्शन नको घेऊ," जयवंत म्हणाला, "परत मारून घेऊ. दिवाळीच्या आत होतंय."

"नको," निशांत म्हणाला.

"आरं, पण कमिटीत ठरलेलं..."

"राहू दे." त्याने तो तुकडा घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. "फक्त त्या दिवशी पोहे फार खारट होते."

"कुठले पोहे?" जयवंतने विचारलं. "आज पोहे हायत?"

सासूबाई चाकांपाशी वाकल्या होत्या. मी ताटातलं एक लिंबू उचललं आणि वर घरात गेले.