न घेतलेल्या गोळ्यांच्या हिरव्या खुणा

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. मोठ्या बहिणीने, आक्काने, मला किडनी दिली, तेव्हा मी सुरतेतल्या डिंडोलीच्या शाळेत शिकवत होतो. ती किडनी टिकवण्यासाठीच्या गोळ्यांनी हात थरथरे, फळ्यावर अक्षर वाकडं येई, मुलं हसत. म्हणून सकाळची गोळी टाळायचो आणि मोबाइलच्या ॲपवर ‘घेतली’ दाबायचो. हॉस्पिटलला हिरवी खूण दिसे. रक्ततपासणी जवळ आली की भीतीने गोळ्या नियमित घ्यायचो.

तरी किडनी बिघडलीच. नोंदी पाहून डॉक्टर म्हणाले, “सर, एकही गोळी चुकलेली नाही.” शेजारी बसलेली आक्का रडू लागली, “भाऊ, मनीच किडनी खराब व्हती रे.”

मी तिला तसंच समजू दिलं. तिच्या शेवटच्या आजारात दोनदा सुरतेहून खरं सांगायला गेलो, दोन्ही वेळा घाबरून तसाच परतलो.

आक्का, तुझी किडनी चांगली होती. ती मी घालवली. मला माफ कर.