दोनदाती, चारदाती

आमचे सासरे माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, दातांकडे बघत. म्हसवड-आटपाडीच्या बाजारात खिलार बैल पारखण्यात उभा जन्म गेलेला. ओठ वर करून वय सांगायची सवय हाडात मुरली होती आणि माणूस म्हणजे त्यांच्या लेखी शिंगं नसलेलं जनावर. गाव त्यांना पारखी म्हणायचं, घरात आम्ही आबा म्हणायचो. मला बघायला सांगलीला आले तेव्हा माझे वडील अदबीनं म्हणाले, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा." आबा म्हणाले, "इचारायचं काय त्यात? पोरी, हस बघू." मी गोंधळून हसले. त्यांनी मान वाकडी करून माझे दात नीट बघून घेतले आणि वडिलांना सांगितलं, "तुमी दोन वर्सं चोरलीसा. पर असू द्या, दाणं बरं हायती." वडिलांनी खरोखरच दोन वर्षं चोरली होती. आई पोह्यांची बशी घेऊन दारात तशीच उभी राहिली. लग्न ठरलं.

रहिमतपूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. घरात आबा, दोन मुलगे आणि आम्ही दोघी सुना. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. सुटल्या, असं बायका म्हणायच्या. कारण आबांची जीभ! वस्तऱ्याला निदान म्यान तरी असतं. माझी जाऊ सुमन नवी नवरी होती तेव्हा पहिल्याच दिवशी तिची भाकरी ताटात वाजवून म्हणाले, "ही खायची, का बैलाच्या खुराला पत्री म्हणून ठोकायची?" पोर दोन दिवस जेवली नाही. सोयऱ्यांत कुणी वारलं आणि आबा समाचाराला निघाले की आम्ही देव पाण्यात घालून बसायचो. एकदा गळा काढून रडणाऱ्या मुलाला त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "रं, तुजा बा जित्ता हुता तवा कवा आला हुतास ह्या घरात?"

माझी शकू दोन वर्षांची असताना तापानं फणफणली आणि ताप उतरला तो डावा पाय घेऊनच. पोलिओ. बायाबापड्या येत, पदर डोळ्याला लावत, देवाचं नाव घेत. आबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "लंगडं वासरू वैरण तेवढीच खातंय." मी चुलीपुढं होते. वाटलं, हातातलं उलथनं घेऊन बाहेर जावं. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. तरी तीच शकू दिवसभर त्यांच्या खांद्यावर असायची. गोठ्यात नेऊन तिला बैलांचे दात मोजायला त्यांनीच शिकवलं. मी बघितलं की मात्र लगेच तिला खाली उतरवायचे आणि "न्हे तुजं धूड," म्हणायचे.

त्यांची दोन वाक्यं आमच्या घरात वेदासारखी होती. एक असं, "दातावरनं वय कळतंय, खोड कळत न्हाई. खोड कळाया जनावर जुपावं लागतंय." दुसरं बाजारातलं. बैलांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हातात हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसं असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. त्याचा आबांचा नेम होता, "झाकल्या हाताचं उघड बोलायचं न्हाई. आपल्या हाताचं आपण सांगावं, दुसऱ्याच्या हाताचं मेलं तरी न्हाई." ह्या नेमापायी त्यांनी बाजारात दोन मित्र गमावले होते, पण नेम मोडला नव्हता.

उसाचं बरं चाललं होतं आणि घर वाढत होतं. मला शकूनंतर मुलगा झाला, सुमनला दिवस गेले होते. शकूला दर गुरुवारी मिरजेला दवाखान्यात न्यावं लागायचं. तिच्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्या बांधलेल्या, गुडघा वाकवायचाच नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. पाच-सहा वर्षं नेमानं आणलीत तर पोर पुष्कळ सुधारेल, म्हणाले होते. मी ते वाक्य रोज देवापुढं म्हणायची. तेव्हा मोटार घ्यायचं घाटलं. नवीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, म्हणून जुनीच बघायची ठरली.

दोन गाड्या नजरेत आल्या. एक साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या वकिलांची, साय रंगाची, चार दारांची, पोट सुटलेली. दुसरी सांगलीतल्या एका डॉक्टरांची, लालभडक, बुटकी, पळण्यात पटाईत, पण दारं दोनच. मागं बसायचं तर पुढची बैठक कलती करून अंग चोरत शिरावं लागे. आबांनी त्यांची नावं लगेच ठेवली. बैलाला दोन मोठे दात आले की तो दोनदाती, कोवळा आणि तापट, शर्यतीला सोडावा असा. चार आले की चारदाती, औताला लावावा असा. "लाल ती दोनदाती, पांढरी ती चारदाती," आबा म्हणाले. "शर्यतीलाबी पळंल आन् औतालाबी चालंल असं जनावर मी साठ वर्सांत बगितलं न्हाई. तरी बगू."

साताऱ्यात आबांनी वकिलांच्या गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, पाठीवर थाप मारली, पुढचं झाकण वर करून बराच वेळ आत डोकावले आणि विचारलं, "आवं वकीलसायेब, लाथ मारती का?" वकील म्हणाले, "सकाळी सुरू व्हायला जरा वेळ घेते." "म्हंजे तुमच्यावानीच," आबा म्हणाले. मी शकूला मागच्या बैठकीवर आडवी बसवली. पाय सरळ राहिला, वर माझ्या मांडीवर तिचं डोकंही मावलं. ती म्हणाली, "आई, ही गाडी म्हणजे पलंगच आहे की गं." मला भरून आलं. झालं, हीच घ्यायची, मी मनात नारळ फोडून मोकळी झाले.

सांगलीत धाकट्या भाऊजींनी लाल गाडी मिरजेच्या रस्त्याला अशी काही सोडली की आबांनी दोन्ही हातांनी पटका धरला. उतरल्यावर म्हणाले, "पळती. लय पळती. पर गाभण सून हिच्यात घातली तर मिरजंपत्तूर नातू मांडीवरच यील." सुमन लाजेनं मेली. मग मी शकूला मागं बसवायला गेले. पट्ट्यांचा पाय दारात अडकला. उलटीकडून घातली, तिरकी घातली, शेवटी डॉक्टरांच्या बाई धावून आल्या. शकू आधी हसत होती, मग रडायला लागली. मी मदतीला म्हणून ह्यांच्याकडं बघितलं. हे पुढच्या काचेजवळ उभे राहून आरशावरची धूळ रुमालानं पुसत होते. आमचे हे तसे गरीब स्वभावाचे, कधी कुणाला अरे-तुरे नाही. गावात म्हणायचे, पारख्याच्या पोटी देवमाणूस आला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी आबांनी आम्हा सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. "मोटारीत बसणारी मान्सं तुमी. उद्या म्हणशीला, म्हाताऱ्यानं मनाचं केलं. पाच हात हायती. दोन ल्योक, दोन सुना आन् पाचवा माजा. दोनदाती पायजे त्यानं माजी दोन बोटं दाबायची, चारदाती पायजे त्यानं चार. जिकडं हात जास्ती, ती मोटार." त्यांनी मांडीवर उपरणं पसरलं. सुनांना कुणी मत विचारायचे ते दिवस नव्हते, आबांनी विचारलं. आधी हे बसले, मग भाऊजी, मग मी. मी चार बोटं अशी दाबली की त्यांचं अंगठ्याचं नख माझ्या तळव्यात रुतलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. शेवटी सुमन बसून उठली.

आबांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "दोनदाती."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "आबा, शकूचं काय?"

"एका लंगड्या वासरापायी घराची चाल कमी करायची न्हाई," ते म्हणाले आणि गोठ्याकडं निघून गेले.

मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. हिशेब सरळ होता. माझे चार, ह्यांचे चार. भाऊजींना पळवायला गाडी हवी आणि सुमन नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाही, म्हणजे त्यांचे दोन आणि दोन. बरोबरी झाली असणार आणि त्या थेरड्यानं आपला हात दोनच्या बाजूला टाकला. हे मागून आले, माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "मी तरी काय करणार? आबांपुढं कुणाचं चाललंय आजवर?" मी ह्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवलं.

लाल गाडी आली, हार घालून गावभर फिरली. आबा काही तिच्यात बसले नाहीत. "ह्या वयात खोंडावर बसून हाडं मोडायची व्हय?" म्हणायचे. दर गुरुवारी पहाटे मात्र ते आपली शर्यतीची जोडी छकड्याला जुंपत, त्यात गवताची गादी करत, शकूला पाय लांब करून निजवत आणि आम्हा दोघींना रहिमतपूरच्या स्टेशनावर मिरजेच्या गाडीला घालत. मी एकदा खोचून म्हटलं, "कशाला उगाच तसदी?" तर म्हणाले, "बैलांस्नी चाल पायजे. तुज्या लेकीसाठी न्हाई आलो." पावसात ओढ्याला पाणी आलं की गुरुवार बुडायचा. असे पुष्कळ गुरुवार बुडाले. शकूचा पाय सुधारला, पण सांगितला होता तेवढा नाही.

मी आबांवर सूड उगवला, तो बायका उगवतात तसा. त्यांचा चहा मुद्दाम गार करून द्यायची. शकूनं त्यांच्या गळ्यात हात टाकला की तिला हाक मारून आत घ्यायची. ते काही बोलले की त्यांचंच वाक्य त्यांना परत करायची. ते ऐकून घेत. एकदा एवढंच म्हणाले, "सूनबाई, तुजी जीभ माज्यावर गेली." मला तेव्हा ते बक्षीसच वाटलं.

असं पाच वर्षं चाललं. मग एका सकाळी आबा गोठ्यात पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सहा फुटी म्हातारा, तसाच उचलून लाल गाडीपाशी आणला. मागं घालावा तर शिरेना, पाय दारातच ताठ. पुढं बसवावा तर लाकडासारखा भाऊजींच्या अंगावर कलंडे. दहा माणसं घाम पुसत उभी होती. शकू काठी टेकून भिंतीशी रडत होती. आणि मी, देवा, माझी जीभ झडली का नाही तेव्हा, मी सगळ्यांदेखत म्हणाले, "राहू द्या की. एका लंगड्या जनावरापायी घराची चाल कशाला कमी करायची?"

आबांना ऐकू येत होतं. त्यांनी डोळे माझ्याकडं वळवले आणि मग मिटून घेतले. शेवटी छकडाच जुंपला, शकूच्याच गवतावर त्यांना निजवलं.

मिरजेहून तीन आठवड्यांनी त्यांना परत आणलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. घरात आम्ही दोघंच. दोन-तीन चमचे झाल्यावर त्यांनी तोंड फिरवलं आणि धड असलेल्या डाव्या हातानं माझा हात वाकळेखाली ओढला. चार बोटं दाबली. मला कळेना. "चार चमचे पाहिजेत? चौघांना बोलावू?" ते मान हलवत, पुन्हा चार बोटं दाबत. मग त्यांनी दारातून दिसणाऱ्या लाल गाडीकडं बघितलं, हात वाकळेबाहेर काढला आणि आपल्याच छातीवर ठेवला.

आपल्या हाताचं आपण सांगावं.

मी चमचा वाटीत ठेवला आणि बोटांवर मोजू लागले. आबांचे चार. माझे चार. तरी दोनदाती आली, म्हणजे तीन हात दोनचे होते. भाऊजींचा एक, सुमनचा एक. तिसऱ्यासाठी घरात आणखी एकच माणूस उरत होता. मी आबांचा हात धरून म्हटलं, "आबा, म्हणजे ह्यांनी...? तिच्या बापानं?" आबांनी हात सोडवून घेतला आणि मूठ घट्ट आवळली. मी ती उघडायला गेले, पण मेलेला माणूससुद्धा एवढी घट्ट मूठ धरत नसेल. माझा संसार मोडू नये म्हणून ह्या माणसानं पाच वर्षं माझा गार चहा प्यायला होता. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. मला माझ्या जिभेची किळस आली. त्यांनी डाव्या हातानं माझं डोकं बाजूला सारलं, आडव्या आलेल्या जनावराचं सारतात तसं.

आठ दिवसांनी आबा गेले. शकू आता लेकुरवाळी आहे, चालताना जरा झुकते. लाल गाडी केव्हाच भंगारात गेली. मी ह्यांना आजवर काहीही विचारलेलं नाही. झाकल्या हाताचं उघड बोलायचं नाही, ही आबांची शिकवण.

पण त्या दुपारी मी डोळे पुसून बाहेर आले तेव्हा हे अंगणात गाडी पुसत होते. म्हणाले, "काय गं, काही म्हणत होते का आबा?"

मी जवळ गेले आणि म्हटलं, "हसा बघू."

ह्यांना काही कळलं नाही, पण स्वभाव गरीब, हसले. मी मान वाकडी करून नीट बघून घेतलं. दात सुरेख होते, एकही किडका नव्हता.