पहिल्या वेचणीचा दहीभात

गावाहून पुण्याला परतताना, बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याच्या फलाटावर एक अनोळखी मुलगी माझ्या शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. कापसाच्या पानाचा फोटो पाहून कीड ओळखणारा प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला होता. आजवर तो फक्त त्या तडा गेलेल्या लॅपटॉपात होता. आता ती त्याला इंटरनेटवरच्या कोडच्या कोठाराशी जोडत होती, म्हणजे तो कोणालाही घेता येणार होता.

कोठाराचा पत्ता टाकून झाला. पण पाठवायच्या आधी तिनं डबा उघडला आणि दहीभाताचा घास झाकणात काढून लॅपटॉपपुढे ठेवला. मी बघतच राहिलो.

"असे काऊन पाहून राह्यले भाऊ? कापसाच्या पहिल्या वेचणीले वावरात दहीभात ठेवतो ना आपण? हे माही पहिली वेचणी हाय."

तिनं बटण दाबलं. नेट अडकलं. तिनं लॅपटॉपला नेट पुरवणारा मोबाईल उंच धरला, तशा लॅपटॉपच्या पडद्यावर ओळी धावल्या. लगेच घरी फोन. "गेलं व माय! आता लॅपटॉप बंद पडला तरी भेव नाही!"

मीही पुण्यात रोज असाच कोड पाठवतो. परवा नवं काम पाठवताना डब्यातला दहीभात काढून ठेवला. ऑफिसातला शेजारचा सहकारी हसला. मी म्हणालो, "आमच्या बुलढाण्यात असंच असते."